तंबोरा तुटू नये म्हणून : घरच्या कॉम्प्युटरवरून गाणं नीट ऐकण्याची तयारी

कॉम्प्युटरवरून वाजणाऱ्या गाण्यात काही बिघडलंय का, हे ओळखायला तंबोऱ्याइतकी चांगली कसोटी नाही. एखाद्या विलंबित ख्यालाची सुरुवातीची दोन-तीन मिनिटं घ्या. गायकाचा षड्ज नुकताच लागतोय, मागे दोन तंबोरे आहेत, तबला अजून सुरू व्हायचाय. अशा जागी एक बारीक ‘टक्’ झाली, सूर क्षणभर थरथरला किंवा तारांच्या मागून घरघर आली, तर ती लपत नाही. द्रुत तराण्यात हेच दोष सहज झाकले जातात. पुण्यात बैठकीला बसून तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झणकार, कानात मुरलेली माणसं भरपूर आहेत. त्यांना ऑसिलोस्कोप लागत नाही. तेव्हा असा एक तुकडा सीडीवरून काढून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक बदलानंतर तोच वाजवून बघा. बदलही एका वेळी एकच करा. चार गोष्टी एकदम हलवल्या, तर कशाने काय झालं हे कळायला मार्ग राहत नाही.

कॉम्प्युटरचं काम मुळात छोटं आहे. सीडीवरच्या संगीतात प्रत्येक सेकंदाला दर चॅनेलमागे ४४,१०० आकडे असतात, प्रत्येक आकडा १६ बिटांचा. दोन चॅनेल मिळून सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतात. आजच्या कुठल्याही मशीनसाठी हे ओझं किरकोळ आहे. हे आकडे जसेच्या तसे, वेळेवर आणि सोबत विजेची घाण न आणता डॅकपर्यंत पोहोचवायचे, एवढंच. डॅक म्हणजे आकड्यांचा विजेचा संकेत करणारा भाग, मग तो मदरबोर्डवरचा असो की यूएसबीला लावलेली वेगळी डबी. बिघाड तीनच प्रकारचे होतात : वाटेत आकडे बदलतात, आकडे उशिरा पोहोचतात, नाहीतर तारेतून आवाज घुसतो. यूएसबीच्या जाड महागड्या केबली आणि ‘आवाज सुधारणारी’ सॉफ्टवेअरं या तिन्हींपैकी कशावरच इलाज करत नाहीत. ते पैसे सीडी आणि स्पीकरसाठी ठेवा.

आधी फाइल तपासा

फाइलच अर्धवट असेल तर पुढची मेहनत वाया जाते. सीडीवरून गाणं काढताना एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर वापरा, ‘सिक्युअर’ मोडमध्ये. ड्राइव्ह पहिल्यांदा ओळखवून घेताना ऑफसेट (ड्राइव्ह थोडं पुढे-मागे वाचते तो फरक) जुळवायला विचारतं, ते टाळू नका. काढताना साधं ‘कॉपी’ न निवडता ‘टेस्ट अँड कॉपी’ निवडा. ट्रॅक दोनदा वाचला जातो आणि दोन्ही वेळचे सीआरसी आकडे (वाचलेल्या डेटाचा ठसा) शेजारी दिसतात. ते जुळले तर वाचन बरोबर झालं असं समजा. पाश्चात्त्य सीड्यांच्या बाबतीत ॲक्युरेटरिपच्या, म्हणजे इतरांनी काढलेल्या सीड्यांच्या ठशांच्या, साठ्याशी तुलना होऊन खात्री पटते. शास्त्रीय आणि नाट्यसंगीताच्या जुन्या भारतीय सीड्या त्या साठ्यात बऱ्याचदा नसतात, म्हणून इथे सीआरसी जुळण्यालाच महत्त्व आहे. आकडे जुळत नसतील तर सीडी साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या पातळ साबणाच्या एका थेंबाने धुवा आणि मऊ सुती कापडाने मधून कडेकडे पुसा. गोल गोल पुसू नका. गोल ओरखडा डेटाच्या रेषेलगत लांबवर जातो आणि त्रुटी-दुरुस्तीला तो पेलत नाही. आडवा ओरखडा ती बहुतेक वेळा सांभाळून घेते.

साठवा फ्लॅक या फाइलप्रकारात. फ्लॅक २००१ सालापासून आहे, फुकट आहे, आणि उलगडल्यावर मूळ आकडे बिट न बिट परत देतं. जागा साधारण निम्मी ते साठ टक्के लागते. सीडीमागे ३५० एमबी धरले तर ५०० सीड्या १७५ जीबीत बसतात. म्हणजे १ टीबीच्या एसएसडीवर घरातला सगळा संग्रह मावून वर जागा उरते. फ्लॅकचा आणखी एक फायदा म्हणजे फाइलच्या डोक्यात मूळ ध्वनीचा एमडीफाइव्ह ठसा असतो. पुढे कधी डिस्क खराब होतेय अशी शंका आली, तर फूबार२००० या प्लेअरच्या व्हेरिफायर या जोडणीने सगळा संग्रह तपासता येतो आणि कुठली फाइल बिघडली ते नावानिशी कळतं. संग्रहाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्यतो वेगळ्या घरात ठेवा.

तंबोऱ्याच्या दृष्टीने एमपीथ्रीचा खास दोष असा की एन्कोडर फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता चिकटवतो. विलंबित संपून द्रुत सुरू होताना सीडीवर ट्रॅक बदलतो, पण तंबोरा चालूच असतो. एमपीथ्रीत त्या सांध्यावर, प्लेअरने ती शांतता कापली नाही तर, तंबोरा तुटतो. फ्लॅकमध्ये हा प्रश्नच येत नाही.

कुणाकडून आलेली फ्लॅक फाइल मुळात एमपीथ्री फुगवून केलेली तर नाही ना, हे स्पेक किंवा ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रम काढून बघता येतं. १६ किलोहर्ट्झच्या आसपास वरचा भाग सुरीने कापल्यासारखा सरळ रेषेत थांबला असेल तर संशय घ्यायला जागा आहे. मात्र ७८ गतीच्या तबकड्यांवरून किंवा कॅसेटवरून केलेल्या प्रतींना ही परीक्षा लावू नका. त्यांच्यात वरचे स्वर मुळातच थोडे असतात. तिथे रेषा विरत जाते, कापलेली दिसत नाही.

विंडोजच्या मिक्सरला वळसा

विंडोजमध्ये सगळ्या प्रोग्रामांचा आवाज एका मिक्सरमधून जातो. ब्राउझर, मेलची घंटी, गाणं, सगळं एकत्र मिसळता यावं म्हणून तो प्रत्येकाला एकाच सॅम्पल रेटवर (सेकंदाला किती आकडे) आणतो. तो रेट बहुतेक मशीनवर ४८,००० असतो. म्हणजे ४४,१०० ची सीडी वाटेतच पुन्हा मोजली जाते, आणि पातळी टोकाला गेली तर मिक्सरमधला लिमिटर ती दाबतो. यातला रेटबदलाचा परिणाम आजकाल बारीक असतो. तो ऐकू येतोच असा दावा आम्ही करत नाही. पण फुकटात टाळता येणारी गोष्ट टाळावी.

सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग साउंड, आणि खाली ‘मोअर साउंड सेटिंग्ज’ उघडा. तुमचा डॅक निवडून प्रॉपर्टीज घ्या. ॲडव्हान्स्ड टॅबवर २४ बिट, ४४,१०० हर्ट्झ निवडा आणि एक्सक्लुझिव्ह मोडच्या (एकाच प्रोग्रामने डॅक थेट वापरण्याच्या) दोन्ही चौकटींत टिक असू द्या. एन्हान्समेंट्स असतील तर सगळ्या बंद करा. लाउडनेस इक्वलायझेशन तर आधी. तंबोरा एकटा वाजतो तेव्हा ते त्याला वर उचलतं आणि गायकाने तान घेतली की खाली दाबतं. ऐकणाऱ्याला वाटतं रेकॉर्डिंगच तसं आहे. स्पेशियल साउंडही बंद. त्याच खिडकीतल्या कम्युनिकेशन्स टॅबवर ‘डू नथिंग’ निवडा, नाहीतर कॉल आला की विंडोज बाकीचा आवाज ८० टक्क्यांनी खाली आणतं आणि गाणं अचानक का विझलं हे समजत नाही. साउंड्स टॅबवर ‘नो साउंड्स’.

आता प्लेअर. फूबार२००० फुकट आहे आणि या कामाला पुरेसं आहे. प्रेफरन्सेसमध्ये प्लेबॅकखाली आउटपुट उघडलं की नव्या आवृत्त्यांत तुमच्या डॅकचं नाव दोनदा दिसतं, एक साधं आणि एक ‘एक्सक्लुझिव्ह’ लिहिलेलं. दुसरं निवडा. मग मिक्सर पूर्ण बाजूला राहतो आणि सीडीची फाइल ४४,१०० वर, ९६,००० ची फाइल ९६,००० वर थेट डॅककडे जाते. बफर एक सेकंदाचा असू द्या. डीएसपी मॅनेजरची, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या भागांची, यादी रिकामी हवी. गाणं वाजत असताना ब्राउझरमधून आवाज येणार नाही, आणि ब्राउझरने आधीच डॅक धरून ठेवला असेल तर फूबार ‘डिव्हाइस वापरात आहे’ अशी तक्रार करेल. तो टॅब बंद केला की काम होतं. डॅकच्या कंपनीने आसिओ ड्रायव्हर (मिक्सर टाळणारी दुसरी वाट) दिला असेल तर तोही चालेल. नीट बसवलेल्या वासापी एक्सक्लुझिव्हपेक्षा (वर निवडलेली विंडोजचीच वाट) त्यात जास्त काही मिळत नाही.

बाहेरच्या डॅकबद्दल एक गोष्ट. यूएसबी ऑडिओच्या पहिल्या वर्गातले डॅक २४ बिट ९६ किलोहर्ट्झपर्यंत जातात आणि जुन्या विंडोजवरही लगेच चालतात. दुसऱ्या वर्गातल्यांसाठी विंडोज १० मध्ये २०१७ च्या १७०३ आवृत्तीपासून ड्रायव्हर आतच आहे. त्याआधीच्या विंडोजवर कंपनीचा ड्रायव्हर लागतो. ‘डॅक दिसतो पण वाजत नाही’ या तक्रारीचं मूळ जुन्या मशीनवर अनेकदा इथेच सापडतं.

आकडे खरोखर न बदलता जातात का, हे कसं बघायचं? डॅकवर रेट दाखवणारा दिवा किंवा आकडा असेल तर ४४,१०० आणि ९६,००० च्या फाइली आलटून पालटून वाजवा. दिवा बदलला नाही तर मिक्सर अजून मध्ये आहे. दिवा बदलणं म्हणजे रेट बरोबर, पण आवाजाची पट्टी खाली असेल तर आकडे तरीही बदललेले असू शकतात. पक्की परीक्षा हवी असेल आणि घरात एव्ही रिसीव्हर असेल, तर डीटीएस सीडीची (हिच्यात सराउंड संगीत सांकेतिक रूपात असतं) वेव्ह फाइल ऑप्टिकलने त्याच्याकडे पाठवा. एकही बिट हलला नसेल तर रिसीव्हर डीटीएस ओळखून संगीत वाजवतो. थोडाही फरक पडला असेल तर नुसता खर्रर्र आवाज येतो. तेव्हा आधी रिसीव्हरचा आवाज अगदी खाली ठेवा, स्पीकरचा ट्विटर जाऊ शकतो.

टकटक आणि तुटणं

टक्-टक् आली की पहिला प्रश्न : पुन्हा वाजवल्यावर ती त्याच जागी येते का? त्याच जागी येत असेल तर दोष फाइलमध्ये आहे, सीडी परत काढा. वेगवेगळ्या जागी येत असेल तर आकडे उशिरा पोहोचताहेत. एकाच बाजूच्या स्पीकरमध्ये येत असेल तर डॅकपासून ॲम्प्लिफायरला जाणाऱ्या आरसीए केबलची डावी-उजवी पिन डॅकच्या मागे अदलाबदल करून बघा. दोष बाजू बदलतो का, यावरून तो केबलच्या अलीकडे की पलीकडे ते कळतं.

उशीर होण्याचं कारण प्रोसेसर कमी पडणं हे क्वचित असतं. बहुतेकदा एखादा ड्रायव्हर प्रोसेसरला काही मिलिसेकंद अडवून धरतो. लेटन्सीमॉन नावाचं छोटं सॉफ्टवेअर चालू करून दहा मिनिटं गाणं वाजवा आणि ड्रायव्हर्सच्या टॅबवर सर्वाधिक वेळानुसार यादी लावा. ज्याचा आकडा वारंवार एक मिलिसेकंदाच्या वर जातो तो संशयित. नेटवर्कचा ड्रायव्हर वर आला तर वायफाय पाच मिनिटं बंद करून बघा. फरक पडला तर वायफायचा नवा ड्रायव्हर टाका किंवा राउटरपर्यंत लॅनची वायर ओढा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर असेल तर नवा, आणि नव्यानेच बिघडलं असेल तर आधीचा टाका. लॅपटॉपवर एसीपीआय (विजेचं व्यवस्थापन बघणारा ड्रायव्हर) यादीत वर दिसलं, तर बॅटरीची पातळी वाचणारा भाग अडथळा आणत असतो. कंपनीच्या साइटवरून बायॉस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केल्यावर तो बऱ्याचदा सुटतो.

याच्या जोडीला पॉवर ऑप्शन्समध्ये हाय परफॉर्मन्स निवडा. नव्या लॅपटॉपवर तो पर्याय दिसत नाही, तिथे पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’ करा. प्लॅनच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर, वीज वाचवण्यासाठी हे बंद करायला परवानगी देणारी टिक काढा. गाण्याचा पहिला अर्धा सेकंद गिळला जातो, ही तक्रार पुष्कळदा इथे मिटते. डॅक झोपी गेलेला असतो आणि जागा होऊन घड्याळ जुळवेपर्यंत आलापाचा पहिला श्वास निघून जातो.

डॅक कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला थेट लावा. हबमध्ये बाहेरची हार्डडिस्क आणि डॅक शेजारी लावले की मोठी कॉपी चालू असताना टकटक होते. यूएसबी २ ची केबल ५ मीटरपेक्षा लांब नको, आणि १ ते २ मीटर असेल तर साधी प्रिंटरची केबलही उत्तम. संग्रह फिरत्या हार्डडिस्कवर किंवा नेटवर्कवर असेल, तर फूबारच्या ॲडव्हान्स्ड प्रेफरन्सेसमध्ये प्लेबॅकखाली पूर्ण फाइल मेमरीत घेण्याची मर्यादा असते. ती किलोबाइटमध्ये आहे. ४,००,००० टाका, म्हणजे तासाभराचा अखंड राग एकदम मेमरीत येतो आणि डिस्क झोपली तरी गाणं थांबत नाही. ८ जीबी रॅममध्ये हे आरामात बसतं.

विंडोजच्या शंभर सर्व्हिसेस बंद करायच्या याद्या फिरत असतात. टकटक नसेल तर त्या करून काहीच मिळत नाही, आणि पुढच्या अपडेटला मशीन अडकतं ते वेगळंच.

घूं आवाज आणि अर्थिंग

पुण्यातल्या घरांत कॉम्प्युटरच्या संगीताची सर्वांत मोठी अडचण आकड्यांची नसून विजेची असते, आणि हिच्यावर वेळ घालवणं सार्थकी लागतं. ॲम्प्लिफायर चालू केला की स्पीकरमधून ५० हर्ट्झची जाड ‘घूं’ येते, किंवा माउस हलवला की बारीक किरकिर होते. दोन्हींचं मूळ बहुतेकदा एकच असतं. कॉम्प्युटर आणि ॲम्प्लिफायर दोन वेगळ्या वाटांनी अर्थिंगला जोडलेले असतात, आणि केबलच्या जाळीतून त्या दोन टोकांमधला फरक वाहतो.

शोध बिनखर्चाने सुरू करा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आवाज गेला तर दोष चार्जरच्या वाटेने येतोय. डेस्कटॉप असेल तर डॅक आणि ॲम्प्लिफायरमधली आरसीए केबल काढा. तरीही घूं राहिली तर ती ॲम्प्लिफायरचीच आहे, कॉम्प्युटरला हात लावू नका. टीव्ही त्याच ॲम्प्लिफायरला जोडला असेल तर केबलवाल्याची गच्चीवरून आलेली कोॲक्स वायर सेटटॉप बॉक्समधून काढून बघा. सोसायटीच्या गच्चीवरून येणारी ती जाळी हा अर्थिंगचा तिसरा रस्ता असतो आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही.

मग सगळी उपकरणं, म्हणजे कॉम्प्युटर, मॉनिटर, डॅक, ॲम्प्लिफायर, एकाच भिंतीवरच्या सॉकेटला लावलेल्या एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर आणा. साध्या घरगुती संचाचा भार थोडा असतो, ६ अँपिअरच्या सॉकेटला तो जड नाही. दोन खोल्यांतल्या दोन सॉकेटांवर विभागलेला संच एका बोर्डवर आला की निम्मी प्रकरणं इथेच संपतात.

संपलं नाही तर सॉकेट तपासा. मल्टिमीटर एसीच्या ६०० किंवा ७५० व्होल्टच्या जागी ठेवा. सॉकेटकडे तोंड करून बघताना वरचं मोठं भोक अर्थ, उजवीकडचं फेज, डावीकडचं न्यूट्रल. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास हवेत. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक. फेज आणि अर्थमध्ये शंभर-सव्वाशे किंवा सतत हलणारा आकडा दिसला, तर तिसऱ्या पिनमागे अर्थिंग नाही. सदाशिव, नारायण, कसबा अशा पेठांमधल्या जुन्या वाड्यांत आणि चाळीस-पन्नास वर्षांच्या इमारतींत हे सापडतं : सॉकेट तीन पिनांचं, वायर दोनच. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, त्याचंही कारण हेच. मीटर हाताळायची सवय नसेल तर हे काम वायरमनकडून करून घ्या, आणि त्याच खेपेत अर्थिंग नीट बसवून आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावून घ्या. आवाजासाठी नाही तरी जिवासाठी ते हवंच आहे.

घूं घालवायला प्लगची अर्थ पिन कापण्याचा सल्ला कुणी देईल. तो ऐकू नका. आवाज थांबतो खरा, पण आत कुठे फेज बॉडीला टेकली तर ॲम्प्लिफायरचा पत्रा जिवंत होतो.

सुरक्षित उपाय तीन आहेत. मदरबोर्डला ऑप्टिकल आउटपुट असेल आणि डॅकला इनपुट, तर ती केबल वापरा. काचेतून किंवा प्लॅस्टिकमधून फक्त प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे वाट तुटते. २४ बिट ९६ किलोहर्ट्झपर्यंत ती भरवशाची आहे आणि सीडीला त्याहून कमीच लागतं. केबल काटकोनात मोडू नका आणि टोकाची टोपी काढायला विसरू नका. दुसरा उपाय यूएसबी आयसोलेटर. घेताना वेग विचारा. स्वस्तातले बहुतेक १२ मेगाबिटचे असतात. पहिल्या वर्गाच्या डॅकला ते पुरतात, दुसऱ्या वर्गाचा डॅक मात्र त्यांच्यावर वाजत नाही किंवा कमी रेटवर अडतो. त्यासाठी हायस्पीड आयसोलेटर घ्यावा लागतो, तो महाग पडतो. तिसरा उपाय डॅक आणि ॲम्प्लिफायरच्या मध्ये लावायचा एकास एक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर. तो घूं घालवतो, पण हलक्या प्रतीचा असेल तर खर्ज पातळ करतो. तबल्याचा बायां आणि तंबोऱ्याची खर्जाची तार ऐकून ठरवा. बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आसपास या वस्तू विचारता येतील. परत घ्याल का, हे पैसे देण्याआधी विचारा, कारण घरी लावल्याशिवाय काही कळत नाही.

वेगळा डॅक नसेल तर निदान हेडफोन किंवा स्पीकर कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमधून काढून मागच्या हिरव्या जॅकला लावा. पुढच्या जॅकची वायर मदरबोर्डवरून ग्राफिक्स कार्डाच्या शेजारून जाते आणि वाटेतला सगळा कचरा उचलते.

इन्व्हर्टरवर घर चालतं तेव्हाही लक्ष द्या. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर किंवा स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुणगुणतो आणि तापतो. वीज गेल्यावरच घूं येत असेल तर कॉम्प्युटरमध्ये काही शोधू नका. साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्या, नाहीतर तेवढा वेळ हेडफोनवर ऐका.

खोलीतली घरघर

रात्री खोलीत शांतता असते तेव्हा कॅबिनेटचा पंखा हा सर्वांत मोठा आवाज असतो. कॉम्प्युटर बंद करून, हवा मारायच्या पंपाने किंवा मऊ ब्रशने प्रोसेसरच्या पंख्यातली आणि हीटसिंकमधली धूळ काढा. पुण्यात उन्हाळ्यानंतर तिथे वाकळ साचलेली असते. साफ करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, हवेने त्याला भन्नाट फिरू देऊ नका, बेअरिंग खराब होतं. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली पेस्ट तीन-चार वर्षांची असेल तर जुनी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून मटाराच्या दाण्याएवढी नवी लावा. मग बायॉसमध्ये पंख्याची चढण सौम्य करा. गाणं वाजवताना प्रोसेसर जवळपास रिकामाच असतो, म्हणून ५० अंशांपर्यंत पंखा सर्वांत कमी वेगावर राहिला तरी चालतं. छोट्या पंख्याऐवजी १२० मिलिमीटरचा पीडब्ल्यूएम (वेग कमी-जास्त करता येणारा) पंखा तेवढीच हवा कमी आवाजात फिरवतो. फिरती डिस्क काढून एसएसडी बसवला की कुरकुर आणि कॅबिनेटचा कंप दोन्ही जातात.

एप्रिल-मेमध्ये डोक्यावरचा पंखा याच्या वर असतो, त्याला पर्याय नाही. तो एका आकड्यावर खाली आणता आला तरी तंबोरा बराच स्पष्ट होतो. शहाबादी किंवा गुळगुळीत टाइल्सच्या रिकाम्या खोलीत स्पीकरपुढे जाड सतरंजी घाला. कॉम्प्युटरमधल्या कुठल्याही सेटिंगपेक्षा ती जास्त ऐकू येते.

आवाजाची पातळी

विंडोजची आणि प्लेअरची पट्टी पूर्ण वर ठेवून आवाज ॲम्प्लिफायरच्या बटणाने कमी-जास्त करा. ॲम्प्लिफायरला बटण नसेल, नुसते पॉवर्ड स्पीकर असतील, तर आउटपुट २४ बिटांवर ठेवा. एक बिट म्हणजे सुमारे ६ डेसिबल. सीडीच्या १६ बिटांच्या खाली ८ बिट मोकळे असतात, म्हणून प्लेअरमधून ४८ डेसिबलपर्यंत आवाज उतरवला तरी सीडीचे आकडे तळाला कापले जात नाहीत.

जुन्या तबकड्यांच्या प्रती, आकाशवाणीची ध्वनिमुद्रणं आणि आजची गाणी एकाच यादीत लावली की पातळी फार हलते. त्यासाठी रिप्लेगेन आहे, म्हणजे फाइलींची पातळी मोजून सारखी करणारी सोय. फूबारमध्ये फाइली निवडून स्कॅन करता येतो. मात्र शास्त्रीय संगीताला तो अल्बमनुसार लावा, ट्रॅकनुसार नको. ट्रॅकनुसार लावला तर विलंबित आणि द्रुत एकाच जोराचे होतात, आणि गायकाने तासाभरात बांधलेली चढण सपाट होते. रिप्लेगेन लावला की आकडे अर्थातच जसेच्या तसे राहत नाहीत. एक अखंड राग ऐकायचा असेल तर तो बंद ठेवा, मिश्र यादी असेल तर खुशाल लावा.

दोन डॅक किंवा दोन सेटिंगांची तुलना करायची असेल तर आधी पातळी जुळवा. जरासं जोरात वाजणारं नेहमीच चांगलं वाटतं. १०० हर्ट्झचा एकसुरी टोन वाजवून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा आणि दोन्ही वेळी आकडा दोन टक्क्यांच्या आत आणा. हे न करता काढलेल्या निष्कर्षावर खरेदी करू नका.

जुनं मशीन असेल तर

कपाटात पडलेला दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप या कामाला पुरतो. त्यावर हलकं लिनक्स आणि एमपीडी (पडद्यामागे चालणारा प्लेअर) टाका. एमपीडीच्या आउटपुटमध्ये अल्सा (लिनक्सचा थेट ध्वनिमार्ग) निवडून, डॅकचं ‘एचडब्ल्यू’ने सुरू होणारं थेट नाव द्या आणि मिक्सरचा प्रकार ‘नन’ ठेवा. ‘डिफॉल्ट’ लिहिलंत तर आवाज पाइपवायर किंवा पल्सऑडिओ या लिनक्सच्या मिक्सरमधून जातो आणि तिथेही तो एका ठरलेल्या रेटवर आणला जाऊ शकतो. मशीन दुसऱ्या खोलीत ठेवून गाणी मोबाइलवरून निवडता येतात. ब्लूटूथने स्पीकरला मात्र जोडू नका, तिथे आवाज पुन्हा दाबला जातो आणि इथवरची सगळी मेहनत शेवटच्या चार मीटरांत जाते.

पावसाळा आणि अपडेट

वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की कॉम्प्युटर, ॲम्प्लिफायर आणि राउटरची वायर सॉकेटमधून काढून ठेवा, नुसतं बटण बंद करणं पुरत नाही. राउटरकडून येणारी तांब्याची लॅन वायरही काढा. जुलै-ऑगस्टमध्ये एका बाजूचा आवाज मधेच जातो आणि प्लग हलवला की येतो, तेव्हा आरसीएच्या पिनांवर ओल आणि गंज बसलेला असतो. सगळं बंद करून आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पिना पुसा, सॉकेटमध्ये प्लग चार-पाच वेळा फिरवा, दहा मिनिटं वाळू द्या.

विंडोजचं मोठं अपडेट आलं की साउंडची सेटिंग्ज मूळ जागी गेलेली आढळतात : रेट पुन्हा ४८,०००, एन्हान्समेंट्स चालू, यूएसबी सस्पेंड चालू. म्हणून सगळं जुळल्यावर त्या खिडक्यांचे मोबाइलने फोटो काढून ठेवा. अपडेटनंतर फोटो बघून पाच मिनिटांत सेटिंग्ज पूर्ववत करा, आणि तो तंबोऱ्याचा तुकडा पुन्हा एकदा वाजवून बघा.